खाडा

पत्र तीनदा लिहिलं.
पहिल्यात राग फार, फर्गल म्हणाला.
दुसऱ्यात ‘कृपया’ चार वेळा.
तिसऱ्यात एवढंच:
माझ्या कामाच्या तासांची, पगाराची,
कापून घेतलेल्या पैशांची नोंद,
मार्चपासून मार्चपर्यंत,
महिन्याच्या आत पाठवावी.
खाली सही, स्कायद्रीते झ्विर्बुले.
आडनावाचा अर्थ चिमणी.
ते फर्गलला सांगितलं नाही.

मोनाहनच्या पोस्टातून रजिस्टर केलं,
पावती चष्म्याच्या घरात ठेवली.

अळंबीला रविवार कळत नाही.
एका दिवसात दुप्पट होते,
मंगळवारी राहिलेली बुधवारी वाया.
म्हणून पहाटे चारला शेडमध्ये,
कपाळावर दिवा, फळीवर कोपर,
देठ छाटायचा, टोपीवर बोट उमटू द्यायचं नाही.
पैसे किलोवर.
तास कोण मोजतंय, मॅनेजर म्हणायचा.

मी मोजत होते.
डब्यांच्या वाया गेलेल्या लेबलांच्या पाठीवर
शिसपेन्सिलीने: चार ते सात. चार ते आठ.
आई गोठ्याच्या दारावर
दुधाच्या रेघा मारायची, तसं.

आमच्याकडे सप्टेंबरात जंगलात जायचो अळंबीला.
टोपली भरली की दिवस संपला.
कुठे सापडली ते कुणी सांगायचं नाही,
सख्ख्या बहिणीलासुद्धा.

एकोणतिसाव्या दिवशी पाकीट आलं, जाडजूड.
आत अख्खं वर्ष, एका मापाच्या अक्षरात.
सोमवार आठ. मंगळवार आठ. बुधवार आठ.
मध्ये अर्धा तास जेवण.
शनिवार-रविवार कोरे, धुऊन वाळत घातल्यासारखे.
मला त्या बाईचा हेवा वाटला.
ती उजेडात घरी पोचत होती,
मुलाला शाळेतून आणत असणार,
रात्री तिला कोपराखाली उशी घ्यावी लागत नसणार.

आधी पैसे लिहिलेत, फर्गल म्हणाला,
मग त्यात बसतील तेवढे तास.
आणि पट्टी ठेवून एकेक ओळ उतरू लागला.

नोव्हेंबरात मी त्याचं मनगट धरलं.

चौदा तारीख, गुरुवार.
आठ तास. जेवण अर्धा तास.

त्या गुरुवारी मी माद्लिएनाला होते.
खड्ड्याच्या कडेला स्प्रूसच्या डहाळ्या,
भाऊ बूट आपटून पाय गरम करत होता,
मी तीन मुठी वाळू टाकली आईवर,
तिसरी हाताला चिकटून राहिली.
मॅनेजरने फोनवर सांगितलं होतं,
ये जाऊन, पण त्या आठवड्याचे पैसे नाहीत.
नव्हतेच दिले. त्याचं काही नाही.
पण मस्टरवर मी हजर.
वर्षभरात एक खाडा नाही.

फर्गलचा चेहरा उजळला.
एक धागा सुटला की सगळी वीण उसवते, म्हणाला.
विमानाचं तिकीट आहे का?
आहे. पाद्र्याचा कागदही आहे.
तो पिवळ्या पेनाने ओळ रंगवायला गेला
आणि मी म्हटलं, थांब.
का, ते सांगता येईना.
त्याने पेन टोपणासकट खाली ठेवलं,
किटली लावायला उठला.

त्या कागदावर आई गेलेली नव्हती.
चौदा तारखेला कुणाला फोन आला नव्हता,
मी आपली अळंबी तोडत होते,
बाराला डबा खाल्ला, तीनला सुटले.

चहा आला. दूध जास्त.
ओळ मीच रंगवली.

मग फॉर्म. हरकतीचं कारण.
लिहिलं:
या दिवशी मी तिथे नव्हते.
त्याच्याखाली:
पुढे दिलेल्या बेचाळीस रविवारी होते.
जागा कमी होती.
अक्षर बारीक केलं,
लेबलांवर करायचे तेवढं.